खाडीच्या पाण्यात शिसं 'आढळले नाही', मग तिथली कालवं खाल्ली तर चालतील का?

तुम्ही ठाणे खाडीच्या पाण्याचा रिपोर्ट जोडलाय. शिसं आणि कॅडमियम, दोन्हींपुढे 'आढळले नाही'. हे दोन शब्द वाचले की माझं डोकं आजही फिरतं.

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मी ऐरोलीच्या बाजूने नमुने घ्यायचे. सरांची ताकीद होती, फक्त पाणी घे, चिखलात हात घालू नकोस. तेही भांगाच्या दिवशी, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी आणि पाणी संथ असताना. बाटल्या नायट्रिक ॲसिडने धुतलेल्या, पाणी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलेलं, सगळं शिस्तीत. शिसं निघालं नाही, जस्त मात्र भरमसाट! सर खूश, म्हणाले कारखान्यांचंच. मला राहवेना, म्हणून ब्लँक लावला, म्हणजे नुसतं डिस्टिल्ड वॉटर नमुन्यासारखंच तपासलं, तर त्यातही जस्त. माझ्याच हातमोज्यांची पावडर. भर लॅबमध्ये बोलणी खाल्ली. जस्त खोडलं गेलं, शिशाचं 'आढळले नाही' तसंच राहिलं आणि खाली निष्कर्ष: खाडी सुरक्षित.

अहो, गाळलेल्या पाण्यात शिसं सापडेल कसं? ते गाळाच्या कणांना चिकटतं. गोडं पाणी खाऱ्याला मिळालं की कण एकमेकांना धरून खाली बसतात, वर तिवरांची मुळं तो गाळ अडवतात. सडक्या अंड्याचा वास येतो ना, त्या काळ्या चिखलात प्राणवायू नसतो, तिथे शिसं गंधकाशी बांधलेलं असतं. चिखल उपसून हवा लागली की सुटायला लागतं. कॅडमियमची तऱ्हा वेगळी, ते खाऱ्या पाण्यात क्लोराईडशी जमवून कणांवरून निघून येतं. २०२२ मध्ये खाडी महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली, चांगलंच झालं, पण त्याने चिखलातलं काही कमी होत नाही.

आणि लॅबला विचारा, तुमच्या मशीनची मर्यादा, म्हणजे त्याला दिसणारं कमीत कमी प्रमाण, किती होती? मिठाचा त्रास नको म्हणून नमुना दहापट पातळ केला असेल, तर मर्यादाही दहापट वर गेली. मग 'आढळले नाही' छापायला काय जातंय!

कालवं दिवसभर पाणी गाळत बसतात, गाळासकट. नाल्याच्या तोंडाजवळची मी तरी खाणार नाही. तपासायचंच तर त्यांचं मांस तपासून घ्या, आणि पाणी उधाणाला, गाळ ढवळलेला असताना घेऊन न गाळताही तपासा. मासळीच सोडा असं म्हणत नाहीये हं, बाहेरच्या समुद्रातल्या बांगड्याला यातलं काही लागू नाही. शिवाय मी डॉक्टर नाही.

त्या दिवशीचा फिल्टरचा कागद मी डबीत जपून ठेवला होता, मधोमध राखाडी चिखलाची टिकली. तो तपासू द्या म्हणून तीनदा विचारलं. "त्यात काय असणार," म्हणून सरांनी डबी कचऱ्यात टाकली.