वॉकीटॉकी, कर आणि ‘सोमुशो’

प्रश्न : नोकरीनिमित्त तोक्योच्या एदोगावा वॉर्डात राहतो. भारतातून आणलेल्या वॉकीटॉकीचं विचारलं तरी लोक ‘सोमुशो’ (अंतर्गत व्यवहार आणि दळणवळण मंत्रालय) म्हणतात, ‘फुरुसातो नोझेइ’चं (गावाला देणगी देऊन करात वजावट मिळवण्याची योजना) विचारलं तरी तेच. एकाच मंत्रालयाकडे दोन्ही कसं? आणि मी जायचं कुठे?

उत्तर : २००१च्या जानेवारीत जपानने मंत्रालयांची फेररचना केली. तेव्हा स्थानिक स्वराज्य, टपाल-दूरसंचार आणि प्रशासकीय समन्वय ही तीन खाती एकत्र करून सोमुशो तयार झालं. नियम त्याचे असले, तरी तुमचा कागद घेणारी खिडकी बहुतेक वेळा दुसरीकडेच असते.

आधी वॉकीटॉकी. उपकरणावर ‘गितेकी’ खूण, म्हणजे जपानी तांत्रिक मानकांत बसत असल्याची खूण शोधा : वर्तुळात जपानी टपालचिन्ह (〒) आणि विजेचं चिन्ह. फोनमध्ये ती सेटिंग्जमधल्या नियामक माहितीत दिसते. बाहेरून आणलेल्या वॉकीटॉकीवर ती बहुधा नसते, कारण त्यांच्या लहरी जपानमध्ये दुसऱ्याच सेवांना दिलेल्या असतात. खूण नसेल तर चालू करूच नका. विनापरवाना प्रक्षेपणाला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा लाख येनपर्यंत दंड आहे. जपानमध्ये आल्यापासून ९० दिवसांची सवलत मिळते ती वाय-फाय, ब्लूटूथवाल्या उपकरणांना, वॉकीटॉकीला नाही.

आता फुरुसातो नोझेइ. आवडीच्या गावाला देणगी द्यायची. मर्यादेत राहिलात तर २,००० येन सोडून बाकीची रक्कम करातून वजा होते. पगारदारांसाठी ‘वन-स्टॉप’ अर्ज (रिटर्न न भरता वजावट मिळवण्याचा) सोपा, पण देणग्या वर्षाला पाच गावांपर्यंतच हव्यात. अर्ज वॉर्ड ऑफिसला नव्हे, ज्या गावाला देणगी दिली तिथे पाठवायचा; एकाच गावाला दोनदा दिली असेल तर दोन अर्ज. पुढल्या १० जानेवारीपर्यंत तो तिथे पोचलाच पाहिजे. मधल्या काळात घर बदललं तर तेही त्याच तारखेपर्यंत त्या गावाला कळवा.

गडबड होते ती इथे : वैद्यकीय खर्चाच्या सवलतीसाठी रिटर्न भरलं की वन-स्टॉप आपोआप रद्द होतो. मग सगळ्या देणग्या रिटर्नमध्येच दाखवाव्या लागतात. भारतातल्या आईवडिलांना अवलंबित दाखवलं असेल, तर देणगीची मर्यादा खाली येते. देणगीच्या संकेतस्थळांवरच्या झटपट तक्त्यात ते बहुधा धरलेलं नसतं, त्यामुळे तक्त्यावर विसंबू नका. आणि डिसेंबरात कायमचं भारतात परतणार असाल, तर देणगी न दिलेलीच बरी. १ जानेवारीला तुम्ही जपानचे रहिवासी नसाल, तर पुढल्या वर्षीचा रहिवासी कर (स्थानिक कर) लागत नाही, म्हणजे ज्यातून मुख्य वजावट व्हायची तो करच उरत नाही.