सासूबाईंना बेडकाची किळस येते, मी काय करू?

पत्र असं आलंय: "ताई, मी आर्वी तालुक्यातल्या खेड्यात राहते. लहानपणी पाऊस पडला की नाल्यावर बेंडकं पाहत बसायची, म्हणून घरचे मला बेंडकीच म्हणायचे. आता मातीची बेंडकं करते, चुलीत भाजते, हिरवा रंग देते अन् त्याचे कानातले बनवते. सासूबाई म्हणते, शी, असलं कानात कोणी घालते का. नवरा म्हणते मोर कर, कमळ कर, ते खपते. ४० रुपयाला जोडी देते तरी हातात काही उरत नाही. बंद करू का?"

अगं बेंडके, बंद काऊन करतेस? मोर-कमळ तर यात्रेत दुकानोदुकानी टांगलेले असतात, तेही साच्यातले अन् तुझ्याहून स्वस्त, त्यांच्याशी कुठं टक्कर घेत बसशील. फक्त तो हिरवा रंग सोड बाप्पा, हिरवा बेडूक तर कोणीही करते. तू नाल्यावर पाहिलेलं आठव ना, मृगाचा पहिला दणक्याचा पाऊस झाला की तो मोठा बेडूक, एरवी मळकट दिसणारा, त्यातला नर हळदीत लोळल्यासारखा पिवळाजर्द होतो अन् ओरडताना गळ्याशी दोन बाजूंना निळे फुगे फुगवतो. तोच कर. पिवळं अंग, खाली दोन निळे थेंब, बाया थांबून पाहतील.

नवऱ्याचं मात्र सगळंच चूक नाही हां. ४० रुपयात हुक, रंग, अन् चुलीत तडकलेल्या जोड्यांचाही खर्च बसतो, मग उरणार काय? चुलीची आच सगळीकडून सारखी लागत नाही, जवळपास कुंभार असेल तर त्याच्या आव्यात दे, पण आधी सावलीत पुरतं वाळव, आत ओल राहिली की फुटतेच. मागून पोकळ ठेव, नाहीतर कानाची पाळी ओढते. गिलटाचे हुक असतील तर फेक, कान पिकले की गिऱ्हाईक परत येत नाही, स्टीलचे घे. नीट शिकायचं मनात असेल तर भद्रावतीच्या ग्रामोदय संघात चौकशी कर, मातीकामाची जुनी जागा आहे. मग १०० रुपये सांगायला लाजायचं नाही.

राहिल्या सासूबाई. वाद घालू नको, दुपारी निवांत असल्या की विचार, "आई, पाऊस लांबला की तुमच्याकडं धोंडी काढायचे का?" मुसळाला कडुलिंबाचा पाला अन् बेडूक बांधून पोट्टे "धोंडी धोंडी पाणी दे" म्हणत दारोदार फिरायचे अन् बाया वरून गडूभर पाणी ओतायच्या, त्यांनीही ओतलं असेल. (बेडकाचे हाल व्हायचे ते वेगळंच, आता जिवंत बेडूक बांधू नये कोणी.) बोलता बोलता हेही सांग की पिकावरचे किडे खाणाऱ्या या जिवाच्या तंगड्या आपल्या देशातून परदेशात खायला जायच्या, १९८७ साली ती निर्यात बंद झाली. शेतकऱ्याच्या घरची बाई आहे, तिला कळते. एवढं ऐकून त्या कानात घालतील असं काही नाही. नाही घातलं तर नाही, त्या तुझ्या गिऱ्हाईक थोड्याच आहेत.

अन् खर्च-विक्रीची वेगळी वही कर, महिना संपला की नवऱ्यापुढं ठेव, तोंडानं काही बोलू नको. मोराची ऑर्डर आलीच तर घे बापा, पण ॲडव्हान्स घेऊन.