डॅफोडिलचे कंद पहिल्यांदाच लावताय?

कंद घेताना दाबून बघा. कांद्यासारखा टणक असेल तरच घ्या, मऊ पडलेला मातीत कुजणारच. शरदात, थंडी पडायच्या आधी, टोक वर ठेवून लावा. खोली कंदाच्या उंचीच्या तिप्पट, साधारण १५ सेंटीमीटर. नवखे हमखास वरवर लावतात. पाणी साचणारी जागा नको.

खरी चूक फुलं गेल्यावर होते. लोळलेली पानं बघवत नाहीत म्हणून लोक ती कापतात, नाहीतर वेणी घालून बांधतात. मीही घातली होती, दिसली छान! पण पुढच्या वर्षीचं फूल कंद त्या पानांच्याच जोरावर तयार करतो. निदान ६ आठवडे पानांना हात लावू नका. सुकलेलं फूल तेवढं खुडा.

आणि हो, कंद विषारी असतात. स्वयंपाकघरात कांद्यांजवळ ठेवू नका. खतांचं नंतर बोलू.