नाव सारखं, स्वभाव वेगळा

प्रश्न : चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत माझा इंजेक्शन मोल्डिंगचा गाळा आहे. पीपीचे, म्हणजे पॉलिप्रॉपिलिनचे जेवणाचे डबे काढतो. एका व्यापाऱ्याने नमुन्याला दाण्यांची पिशवी दिली आहे. कार्बन डायऑक्साइडपासून बनलेलं ‘पॉलिप्रॉपिलिन कार्बोनेट’ आहे म्हणतो. याच साच्यात, याच सेटिंगवर डबे निघतील का?
– एक वाचक, कांदिवली

उत्तर : कृपा करून तुमच्या सेटिंगवर हा माल चालवू नका. पीपीसाठी तुम्ही बॅरल, म्हणजे दाणे वितळवणारी स्क्रूची नळी, २०० अंशांच्या वर ठेवत असणार. हे पॉलिमर साधारण १८० ते २०० अंशांपासूनच तुटायला लागतं. पॉलिमर म्हणजे छोटे घटक जोडून झालेली रेणूंची लांब साखळी; ती टोकाकडून उसवत जाते आणि तिचा एक जड, तेलकट द्रव होतो. डबा तर निघणार नाहीच, वर स्क्रू साफ करण्यात दिवस जाईल.

समजा, बॅरल १५०च्या आसपास ठेवून डबा काढलात, तरी तो गरम आमटीचा नाही. निवृत्तीपूर्वी मी प्रयोगशाळेत याच पॉलिमरची फिल्म ओतत असे. एका एप्रिलमध्ये हातभर पट्टी खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात राहिली. चार वाजता पाहिलं तर ती कडेवरून खाली लोंबत होती, आणि उचलताना बोटांना चिकटली. ते मऊ पडण्याचं तापमान असतं ३५ ते ४० अंश. मे महिन्यातला तुमच्या गाळ्याचा पत्रा आठवा, नाहीतर दुपारी उन्हात उभा असलेला बंद टेम्पो. डबे एकमेकांवर रचलेत तर गिऱ्हाइकाकडे पोचेपर्यंत खालचे दबलेले असतील.

मग पीपीचा डबा का टिकतो? त्याच्या साखळ्यांचा बराच भाग शिस्तीत रचून स्फटिक झालेला असतो, आणि ते स्फटिक १६० अंशांच्या आसपास वितळतात. तोवर आकार धरून ठेवतात. कार्बोनेटमध्ये असे स्फटिक नसतात, साखळ्या अस्ताव्यस्त. मऊ पडायला लागलं की सावरून धरायला आत काहीच नाही.

व्यापारी खोटं बोलत नाही, हेही सांगते. वजनाने सुमारे ४३ टक्के कार्बन डायऑक्साइड त्यात खरोखरच असतो. उरलेला भाग प्रॉपिलिन ऑक्साइडचा, तो बहुधा खनिज तेलातूनच येतो. त्याच्याशिवाय भागत नाही, कारण कार्बन डायऑक्साइड म्हणजे कार्बनची जळून झालेली राख, स्वतःहून फारसा कशाशी जोडला जात नाही. प्रॉपिलिन ऑक्साइडमध्ये तीन अणूंचं ताणलेलं कडं असतं. ते उघडतं तेव्हा सुटणाऱ्या ऊर्जेवर वायू साखळीत गुंफला जातो. १९६९ साली जपानमध्ये शोहेई इनोउए आणि सहकाऱ्यांनी जस्ताच्या संयुगाने हे पहिल्यांदा करून दाखवलं. जोडीदार बदला की गुण बदलतात : सायक्लोहेक्झिन ऑक्साइड घेतलं तर मऊ पडण्याचं तापमान ११५ अंशांपर्यंत जातं, पण माल ठिसूळ होतो.

पिशवी फेकू मात्र नका. सिरॅमिकच्या भुकटीला बांधून ठेवायला हे पॉलिमर फार चांगलं, भट्टीत मागे जवळपास काही न ठेवता निघून जातं. फिल्ममधून ऑक्सिजनही कमी जातो. जर्मनीत डॉर्मागेनला कोवेस्ट्रोने २०१६ मध्ये या वायूपासून पॉलिऑल, म्हणजे फोमचा कच्चा माल, बनवायला सुरुवात केली, वायूचा वाटा २० टक्क्यांपर्यंत. त्याचा फोम गाद्यांत जातो. गादीला उकळती आमटी सोसायची नसते, म्हणून तिथे हे शोभतं. व्यापाऱ्याकडून दोन आकडे लेखी घ्या : मऊ पडण्याचं तापमान आणि तुटायला लागण्याचं तापमान. चाचणी घेतलीत तर लगेच एलडीचे, म्हणजे पिशव्यांच्या मऊ पॉलिथिनचे दाणे घालून बॅरल साफ करा.

प्रश्न : असा डबा फुटला तर आतला वायू बाहेर येतो का?
– अकरावीची विद्यार्थिनी, गिरगाव

उत्तर : नाही. सोड्याच्या बाटलीसारखा तो कोंडलेला नसतो, त्याचे अणू साखळीचाच भाग झालेले असतात. डबा जाळला तर मात्र तो वायू परत येतो, आणि सोबत तेलातल्या कार्बनचा आणखी. असा बांधलेला वायू घरातही सापडतो : प्लायवुडच्या थरांमधला गोंद तुमच्याकडे असेलच. तो बहुतेक वेळा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा असतो. युरिया बनतो अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइडपासून, आपल्या चेंबूरच्या आरसीएफमध्येसुद्धा. म्हणजे तुमच्या अभ्यासाच्या टेबलातही हा वायू बांधलेला असू शकतो.