इंजिन पाणी पितंय, पण जातंय कुठे?

वडाळ्याला गाडी लावतो, जुना सहा चाकी ट्रक आहे. रोज दीड-दोन लिटर पाणी टाकावं लागतं, खाली थेंब नाही. मिस्त्री म्हणतो हेडखालचं गास्केट (सील करणारी पट्टी) गेलं, हेड उतरवू. उतरवू का?

थांबा दादा. खाली थेंब नाही म्हणजे गळत नाही असं नसतं, गरम इंजिनावर पडलेलं पाणी जागच्या जागी वाळतं. सकाळी स्टार्टर मारायच्या आधी टॉर्च घेऊन खाली शिरा, वॉटर बॉडीला (पाणी फिरवणाऱ्या पंपाला) खालून एक बारीक भोक असतं, तिथून पांढरट-हिरवा ओघळ सुकलेला दिसला तर आतलं सील गेलंय. ते भोक एमसीलने बुजवू नका (बुजवणारे भेटलेत मला), पाणी मग बेअरिंगमध्ये शिरतं. होसच्या क्लिपा आणि ब्लॉकवरच्या पत्र्याच्या गोल टोपण्याही बघा, स्टार्टरमागे लपलेली एखादी हमखास कुजलेली असते. काहीच नाही सापडलं तर थंड इंजिनाला रेडिएटरच्या तोंडाला लावायच्या टेस्टिंगच्या हातपंपाने कॅपवर लिहिलाय तेवढाच दाब द्या, पंपाचा काटा उतरतोय आणि बाहेर सगळं कोरडं, तर मग आत बघायचं.

रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, पण गाडी ओढते मस्त, पांढरा धूरही नाही. कळंबोलीत दोघांनी गास्केटच सांगितलं.

एअर ब्रेक आहेत ना? मग आधी कॉम्प्रेसर, म्हणजे ब्रेकची हवा भरणारा पंप, बघा. बऱ्याच गाड्यांत त्याचं हेड इंजिनाच्याच पाण्याने थंड होतं, त्याचं गास्केट फुटलं की हवा सरळ पाण्यात. चाकांना ओट (दगड किंवा ठोकळा) लावा, टाकीतली हवा काढून कॉम्प्रेसरकडून टाकीकडे जाणारा पाईप सोडा आणि इंजिन चालू करा, गाडी हलवायची नाही. बुडबुडे थांबले तर चोर तोच. हवेच्या टाकीचा कॉकही उघडा, पावसाळ्यात मुंबईत थोडं पाणी निघतंच पण ते कूलंटच्या रंगाचं नको. मी स्वतः एकदा अख्खं हेड उतरवून बसलो होतो, गास्केट चांगलं होतं, मालकाचे दोन दिवस गेले आणि शिव्या मला.

मिस्टरांच्या गाडीत ऑइलची पातळी आपोआप वाढलीय. भिवंडीची एक फेरी मारली तर चालेल?

नाही ताई, गाडी स्टार्टही करू नका, पाणी मिसळलेल्या ऑइलने बेअरिंग जातात. रात्रभर उभ्या गाडीच्या चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा) बोल्ट हळूच ढिला करायला सांगा, पाणी जड, ते तळाला बसतं, म्हणून आधी तेच निघेल. रेडिएटरमध्येही तेलाचा तवंग असेल तर ऑइल कूलरवर संशय घ्या, कारण चालू इंजिनात ऑइलचा दाब पाण्यापेक्षा जास्त असतो. तवंग नसेल आणि इंजिन वेट लायनरचं (पिस्टन ज्या नळीत फिरतो तिला बाहेरून थेट पाणी लागतं असं) असेल तर चेंबर उतरवून वरून पाण्याला दाब द्यायचा आणि खालून बघत बसायचं, ज्या लायनरच्या कडेने थेंब धरतो त्याचे रबर रिंग गेलेत, नाहीतर लायनरलाच भोक पडलंय.

कसारा घाटातच पाणी बाहेर फेकते, एरवी ठीक.

आधी कॅप बदला. तिच्यावर ०.९ (बार, म्हणजे दाब) असेल तर साधं पाणी ११८ डिग्रीपर्यंत उकळत नाही, स्प्रिंग मेली की शंभरालाच उकळतं. आणि गरम असताना ती खोलू नका हो.