आरसी नसलेली जुनी मोटारसायकल नावावर कशी होईल? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

जुनी मोटारसायकल घेतली, पैसे दिले, गाडी दारात उभी आहे, पण आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) नाही. आता ती नावावर कशी करायची, अशा एकाच आशयाची पत्रे मला सतत येत असतात. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात वकिली करताना याच चुकीचे पुढचे टोक मी पाहतो, म्हणून काही निवडक प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र देत आहे. दुसऱ्या कायद्याचे नाव दिलेले नसेल तेथे कलमे मोटार वाहन अधिनियम, १९८८ ची आणि नियम व नमुने (म्हणजे फॉर्म) केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ चे समजावेत.

प्रश्न : ओळखीच्या माणसाकडून २०१४ सालची मोटारसायकल घेतली. आरसी हरवली असे तो सांगतो. स्टॅम्पपेपरवर नोटरीसमोर विक्रीकरार केला आहे. त्या आधारे गाडी माझ्या नावावर होईल का? (इचलकरंजी)

होणार नाही. नोटरी तुम्हा दोघांच्या सह्या साक्षांकित करतो. गाडी विकणाऱ्याची होती की नव्हती, हे तो तपासत नाही. माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम २७ चे सूत्र असे आहे की, काही मोजके अपवाद सोडले तर, विकणाऱ्याला स्वतःला जेवढा हक्क असेल तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. त्यामुळे स्टॅम्पपेपर कितीही रुपयांचा असला तरी त्याने हक्कातली उणीव भरून निघत नाही.

मात्र विकणारा आणि नोंदणीकृत मालक ही एकच व्यक्ती असेल, तर तुमची अडचण लहान आहे. आरसीचे कार्ड म्हणजे नोंदणी नव्हे. नोंद ‘वाहन’ या संगणकीय प्रणालीत असते आणि कार्ड हा तिचा उतारा असतो. तो हरवला तर मालकाने पोलिसांकडे गहाळ झाल्याची नोंद करावी आणि गाडी ज्या परिवहन कार्यालयात नोंदलेली आहे तेथे नमुना २६ भरून दुय्यम आरसी घ्यावी. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर वित्तसंस्थेचे संमतिपत्र लागते आणि बोजा उतरवण्यासाठी नमुना ३५ लागतो. त्यानंतर नमुना २९ आणि ३० भरून गाडी तुमच्या नावावर होते. दुय्यम आरसीचा अर्ज मालकानेच करायचा असतो, हे मुद्दाम लक्षात ठेवा. दुय्यम आरसी हातात पडेपर्यंत उरलेले पैसे देऊ नका, आणि ‘मीसुद्धा ही गाडी दुसऱ्याकडून घेतली होती’ असे विकणारा म्हणू लागला, तर व्यवहार तिथेच थांबवून कागद वकिलाला दाखवा.

प्रश्न : एजंट म्हणतो, ‘आरसी माझ्याकडून हरवली’ असे प्रतिज्ञापत्र तुम्ही करून द्या, आठ हजारांत सगळे करून देतो. द्यावेत का? (सांगली)

देऊ नका. तुम्ही नोंदणीकृत मालक नाही, त्यामुळे ते प्रतिज्ञापत्र शपथेवर सांगितलेले खोटे ठरेल आणि त्यावर सही तुमची असेल, एजंटाची नव्हे.

प्रश्न : चार वर्षांपूर्वी गाडी घेतली. मूळ मालकाने टीटीओ फॉर्मवर, म्हणजे २९ आणि ३० वर, सह्या करून दिल्या आहेत. पण आरसी देतो देतो म्हणत दिली नाही आणि आता तो पुण्याला गेला आहे. गाडी मी रोज चालवतो. सह्या हातात असताना घाई करायची काय गरज आहे? (सातारा)

हा प्रश्न मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो, म्हणून याचे उत्तर सविस्तर देतो.

सही केलेले कोरे फॉर्म कपाटात ठेवणे म्हणजे गाडी नावावर होणे नव्हे. कलम २(३०) प्रमाणे, ज्याच्या नावावर वाहन नोंदलेले आहे तो मालक. कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत हस्तांतरण कळवायचे असते आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. तुम्हाला चार वर्षे झाली आहेत. शिवाय फॉर्मवरची सही पूर्वी जेवढी चालत असे तेवढी आता चालत नाही. आधारवर आधारलेल्या ऑनलाइन सेवेत ओटीपी विकणाऱ्याच्या मोबाइलवर जातो. तो माणूस फोनवर उपलब्ध नसेल तर तुमच्या कपाटातल्या सह्यांचा फारसा उपयोग होत नाही. ‘कोऱ्या सह्या घेऊन ठेवा, केव्हाही नावावर होते’ हा सल्ला गाड्यांच्या बाजारात अजूनही सर्रास दिला जातो, आणि तो देणाऱ्या दलालाला गाडी तिसऱ्याला विकायची असते म्हणूनच तो दिला जातो.

आता अपघाताचे पाहा. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले की, गाडी एकामागून एक किती जणांना विकली गेली असली तरी नोंदणी ज्याच्या नावावर राहिली आहे, तोच नुकसानभरपाईच्या दाव्यात मालक. जखमी माणसाने किंवा मृताच्या कुटुंबाने न नोंदवलेल्या विक्रींची साखळी शोधत फिरावे, अशी अपेक्षा त्यांच्याकडून करता येत नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक न्यायाधिकरणाची नोटीस घेऊन आले होते. आठ वर्षांपूर्वी त्यांनी मोटारसायकल विकली होती, फॉर्मवर सह्या दिल्या होत्या आणि विषय संपला असे मानले होते. गाडी पुढे दोन हात फिरली, विमा संपला, आणि तिसऱ्या माणसाने पहाटे डेअरीला दूध घालायला निघालेल्या एका बाईला धडक दिली. गुरुजींनी खिशातल्या पाकिटातून प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवलेली पावती काढून टेबलावर सरळ केली. ‘रोख मिळाले, यापुढील सर्व जबाबदारी घेणाराची’ असे तिच्यावर लिहिले होते आणि रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही होती. ती पावती खरी होती, त्या दोघांमधल्या व्यवहारापुरता तिला अर्थही होता. पण पाय मोडलेल्या त्या बाईच्या दाव्यापुढे ती टिकली नाही. भरपाईचा आदेश गुरुजींवर झाला. ज्याने गाडी घेतली होती त्याच्याकडून ती रक्कम वसूल करण्यासाठी वेगळा दावा लावावा लागला, आणि तोवर तो माणूस गाव सोडून गेला होता.

तुम्ही म्हणाल, मग धोका विकणाऱ्याला आहे, मला काय? तुम्हालाही आहे. कलम १५७ मुळे तृतीय पक्षाचा विमा, म्हणजे अपघातात इतरांना द्यावी लागणारी भरपाई सोसणारा विमा, नव्या मालकाकडे गेला असे मानले जाते, तरी १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर आपले नाव लावून घेण्याची जबाबदारी घेणाऱ्याचीच असते. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा आणि चोरीचा विमा असा आपोआप येत नाही. त्याहून गंभीर बाब म्हणजे मालक-चालकासाठीचे १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण नोंदणीकृत मालकासाठी असते. उद्या या गाडीवर तुमचे बरेवाईट झाले, तर चार वर्षे गाडी तुम्हीच चालवत होता हे साऱ्या गल्लीने सांगितले तरी त्या रकमेसाठी तुमच्या घरच्यांना नकाराचे पत्र येण्याची दाट शक्यता आहे.

म्हणून हे करा. मूळ मालकाला नोंदपोच टपालाने पत्र पाठवा, त्यात विक्रीची तारीख आणि गाडीचा क्रमांक लिहा, पोचपावती जपा. तो भेटला तर त्याला दुय्यम आरसी काढायला लावून लगेच हस्तांतरण करा. विलंबशुल्क भरावे लागेल, ते भरा. दुचाकीच्या हस्तांतरणाचे मूळ शुल्क १५० रुपये आहे. एवढ्यासाठी चार वर्षे थांबण्याचे काहीही कारण नव्हते. तो भेटलाच नाही, तर सर्व कागदांसह लेखी अर्ज घेऊन परिवहन अधिकाऱ्यांना समक्ष भेटा आणि त्यापूर्वी एकदा वकिलाला दाखवा. तोपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.

प्रश्न : मूळ मालक वारला. त्याचा मुलगा वडिलांची सही करून द्यायला तयार आहे. (कराड)

ती बनावट सही ठरेल, घेऊ नका. मालकाच्या मृत्यूनंतर वारसाने ३० दिवसांत कळवून नमुना ३१ ने गाडी आधी स्वतःच्या नावावर करायची आणि मगच तुम्हाला विकायची, असा क्रम आहे. २०२१ पासून आरसीवर नामनिर्देशन करता येते. ते केलेले असेल तर काम सोपे होते. वारस एकापेक्षा जास्त असतील तर सर्वांचे संमतिपत्र कोणत्या स्वरूपात लागेल, हे कार्यालयात आधी विचारून घ्या.

प्रश्न : हप्ते थकल्यामुळे वित्तसंस्थेने ओढून आणलेली गाडी यार्डातल्या लिलावात घेतली. डिलिव्हरी ऑर्डर मिळाली, आरसी मिळाली नाही. (सोलापूर)

डिलिव्हरी ऑर्डर गाडी फाटकाबाहेर काढण्यापुरती असते. कर्जदार आरसी देत नसेल, तर कलम ५१(५) प्रमाणे वित्तसंस्थेने नमुना ३६ ने अर्ज करून आपल्या नावाची नवी आरसी घ्यायची असते आणि परिवहन कार्यालय त्याची नोटीस जुन्या मालकाला पाठवते. हे काम संस्थेचे आहे, तुमचे नव्हे. ‘जशी आहे तशी’ या शब्दांआड पुष्कळ यार्ड हे काम लांबवतात. लिलावाची पावती जोडून संस्थेला लेखी मुदत द्या, आणि ती पाळली नाही तर ग्राहक आयोगाकडे जाण्याबाबत सल्ला घ्या. पुढच्या वेळी बोली लावण्याआधीच नमुना ३६ झाला आहे का, आणि थकलेली ई-चलने किती आहेत, हे विचारावे.

प्रश्न : म्हापशाची जीए-०३ क्रमांकाची गाडी स्वस्तात मिळते आहे, कागद मागाहून देतो म्हणतात. परराज्याची गाडी वर्षभर बिनधास्त चालते, हे खरे ना? (सावंतवाडी)

अर्धवट ऐकलेल्या गोष्टीतून हा गैरसमज पसरला आहे. बारा महिन्यांची मुदत कलम ४७ मधली आहे आणि ती गाडी दुसऱ्या राज्यात आणल्यावर नवा नोंदणी क्रमांक घेण्यासंबंधी आहे. मालकी बदलल्याचे कळवण्याची मुदत तिच्यामुळे वाढत नाही. गोव्याच्या कार्यालयाकडून नमुना २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय महाराष्ट्रात नोंदणीचे काम सुरूच होत नाही, आणि आरसी हरवली असेल तर दुय्यम आरसीही तिथल्याच कार्यालयातून मालकाला काढावी लागेल. महाराष्ट्राचा कर वेगळा भरावा लागतो, त्यामुळे ‘स्वस्त’ हा हिशेब कर धरून पुन्हा करा. कागद आधी, पैसे मागाहून. बेळगाव, चिकोडीच्या गाड्यांबद्दल विचारणाऱ्या वाचकांनाही हेच लागू आहे.

प्रश्न : भंगारवाल्याकडून जुनी बुलेट घेतली. कसलेही कागद नाहीत, नंबरप्लेटही नाही. गाडी तयार करून नव्याने नोंदवता येईल का? (कोल्हापूर)

आधी पाना खाली ठेवा. तयार करण्यावर एक रुपयाही खर्च करण्यापूर्वी ही गाडी कोणाची होती, याचा शोध लागला पाहिजे.

हॅण्डल एका बाजूला पूर्ण वळवले की चौकटीची जी पुढची नळी उघडी पडते, तिच्यावर चासी क्रमांक ठोकलेला सापडेल. तिथली धूळ आणि ग्रीस रॉकेलच्या बोळ्याने पुसा, वर कागद धरून पेन्सिल आडवी फिरवा, म्हणजे छाप उमटेल. अंक एका ओळीत आणि सारख्या खोलीचे आहेत का, आजूबाजूला ग्राइंडर फिरवल्याचे चकचकीत ओरखडे आहेत का, तेवढ्याच जागी रंगाचा जाड थर आहे का, हे बॅटरीच्या उजेडात पाहा. अलीकडच्या गाड्यांवर हा क्रमांक १७ अक्षरांचा असतो आणि त्यात आय, ओ व क्यू ही इंग्रजी अक्षरे वापरत नाहीत. जुन्या बुलेटवर तो आखूड असतो. इंजिनावरचा क्रमांकही असाच उतरवून घ्या.

हे दोन्ही क्रमांक घेऊन पोलीस ठाण्यात जा. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेवरही चोरीच्या गाड्यांची पडताळणी होते. चोरीची वस्तू चोरीची आहे हे माहीत असून, किंवा तसे मानायला कारण असून, अप्रामाणिकपणे घेणे किंवा ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. स्वतःहून पोलिसांकडे जाणे आणि नाकाबंदीत सापडणे, या दोन गोष्टींत फार अंतर आहे. जाताना भंगारवाल्याची पावती आणि वकील दोन्ही बरोबर असू द्या.

नोंद सापडली आणि मालक किंवा वारस भेटले, तर वरच्या उत्तरांमधली वाट खुली आहे. गाडी लष्कराने विकलेली असेल तर सक्षम अधिकाऱ्याचे नमुना २१ मधले मूळ विक्री प्रमाणपत्र लागते. ‘मिलिटरी डिस्पोजल’ एवढे शब्द आणि हिरवा रंग हा पुरावा नव्हे. नंबर नसलेल्या गाडीला नवा क्रमांक मिळण्याची एक वाट नियम ५७ मध्ये आहे, पण ती सरकारने जाहीर लिलावात विकलेल्या गाडीसाठी आहे: आधी लिलाव करणाऱ्या विभागाच्या नावाने क्रमांक दिला जातो आणि मग नमुना ३२ वरून खरेदीदाराच्या नावाची नोंद होते. भंगाराच्या दुकानातली रोख खरेदी त्यात बसत नाही. नोंदणी रद्द करून मोडीत काढलेल्या गाडीची चौकट असेल, तर ती रस्त्यावर आणण्याचा विचार सोडून द्या, आणि दुसऱ्या गाडीची आरसी आणून तिचा क्रमांक या चौकटीवर ठोकून देतो म्हणणाऱ्याला दारातही उभे करू नका.

प्रश्न : मी गाडी विकली, घेणाऱ्याने नावावर केली नाही, ई-चलने मला येतात. (नाशिक)

नमुना २९ ची सूचना परिवहन कार्यालयात आजच द्या आणि तिची पोच घ्या. घेणाऱ्याला नोंदपोच नोटीस पाठवा, तिची प्रत पोलीस ठाण्यात द्या आणि चलनावर ऑनलाइन तक्रार नोंदवा. एवढे करूनही नोंद बदलेपर्यंत अपघाताची जबाबदारी तुमच्यावरच येऊ शकते, म्हणून त्या गाडीचा तृतीय पक्षाचा विमा चालू आहे का, हे आजच ‘एमपरिवहन’ या सरकारी अ‍ॅपवर पाहा. तो संपला असेल तर नूतनीकरणाबाबत विमा कंपनीशी आणि वकिलाशी याच आठवड्यात बोलून घ्या.