उरलेलं अन्न हिशेबात धरून आठवड्याचा बेत कसा बसवायचा?

प्रश्न असा आहे : घरात चार माणसं, किराण्याचा खर्च आवरत नाही, आणि तरी दर आठवड्याच्या शेवटी फ्रीजमधल्या तीन-चार वाट्या विटलेलं अन्न कचऱ्यात जातं. उरलेलं वापरून स्वस्तात बेत आखायचा तर सुरुवात कुठून करायची?

सुरुवात स्वयंपाकाच्या आधी करायची. जेवणं झाल्यावर भांड्याच्या तळाशी जे राहतं, त्याच्यावर बेत बसत नाही. ते कधी अर्धी वाटी असतं, कधी चार, आणि त्याला त्या रात्रीच्या मसाल्याची चव चिकटलेली असते. तोच रस्सा तिसऱ्या दिवशी कोणाला नको असतो, यात घरच्यांचा काही दोष नाही. म्हणून मूळ जिन्नस जास्तीचा शिजवायचा, अळणी आणि बिनमसाल्याचा असतानाच पुढच्या जेवणाचा वाटा काढून ठेवायचा, आणि मगच त्या रात्रीच्या वाट्याला फोडणी-मसाला द्यायचा. खालचा सगळा बेत एवढ्यावरच उभा आहे.

खरेदीच्या आधी एक काम करा. एक आठवडा, काय फेकलं ते कागदावर लिहा : पदार्थ, अंदाजे वजन, आणि का फेकलं. बहुतेक घरांत तेच तेच दोन-तीन पदार्थ सापडतात, बहुधा भात, पाव आणि पालेभाजी. ते पदार्थ कमी आणले तरी खर्च लगेच उतरतो. नंतर दर आठवड्याला यादी करण्याआधी फ्रीज उघडून आत काय आहे ते लिहायचं, आणि बेत त्या यादीवरून सुरू करायचा.

आठवड्याला दोन, फार तर तीन मूळ जिन्नस पुरे. पाच घेतले की प्रत्येकाचं थोडं थोडं उरतं आणि कशाचंच जेवण होत नाही. खाली कोंबडी, छोले आणि बटाटे धरले आहेत. शाकाहारी घरासाठीचा बदल शेवटी दिला आहे. रविवार म्हणजे तुम्हाला सलग दोन-तीन तास मिळतात तो दिवस, वार कोणताही चालेल.

रविवारी साधारण दीड किलोची अख्खी कोंबडी घ्या. तुकड्यांपेक्षा अख्खी बहुतेक ठिकाणी स्वस्त पडते आणि हाडं फुकट मिळतात. मोठ्या पातेल्यात ती बुडेल एवढं, म्हणजे अडीच-तीन लिटर पाणी, एक कांदा, एक गाजर घालून मंद आचेवर तास-सव्वा तास ठेवा. खळखळून उकळू नका, मांस चिवट होतं आणि पाणी गढूळ. सर्वांत जाड भागात आतलं तापमान ७४ अंश सेल्सिअस झालं की शिजली. थर्मामीटर नसेल तर मांडीच्या सांध्याजवळ टोचून पाहा, रस स्वच्छ आला पाहिजे आणि मांस हाडापासून सहज सुटलं पाहिजे. सोडवलेलं मांस साधारण साडेसहाशे-सातशे ग्रॅम भरतं. निम्मं रात्रीसाठी, निम्मं लगेच डब्यात. हाडं त्याच पाण्यात परत टाकून आणखी दोन तास मंद आच द्या, गाळल्यावर दीड-दोन लिटर सूपचं पाणी मिळतं. यात मीठ अजिबात घालू नका. हे पाणी पुढे आटणार आहे, आणि पाणी निम्मं झालं की खारटपणा दुप्पट होतो. बाजूला दीड किलो बटाटे सालासकट उकडून निम्मे कोंबडीबरोबर वाढा, निम्मे न सोलता फ्रीजमध्ये.

आता गार करण्याबद्दल, कारण बेत सर्वांत जास्त इथे फसतो. शिजलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जितका वेळ राहील तितके जंतू वाढतात. म्हणून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकाच तासात. पण खोल पातेलं तसंच आत ढकललं तर मधला भाग कित्येक तास कोमटच राहतो. पसरट डब्यात, थर पाच सेंटिमीटरपेक्षा जाड नको. सूपचं पातेलं आधी गार पाण्याच्या परातीत ठेवून ढवळा, वाफ बसली की लहान डब्यांत भरा. गरम अन्न फ्रीजमध्ये ठेवायचं नाही म्हणून रात्रभर ओट्यावर ठेवणं हा त्याहून मोठा धोका आहे. थोडं कोमट असलेलं पसरट डब्यातलं अन्न फ्रीज सहज झेपवतो. फ्रीजचं तापमान ४ अंश किंवा कमी, फ्रीजर उणे १८. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून पदार्थ, तारीख आणि *कोणत्या जेवणासाठी* हे लिहा. तिसरी गोष्ट लिहिली नाही तर डबा मागे सरकतो आणि विसरला जातो.

सोमवारी बटाटे संपवायचे. थंड बटाटे सोलून किसा किंवा कुस्करा. सातशे ग्रॅमला एक अंडं, दोन-तीन मोठे चमचे पीठ किंवा पावाचा चुरा, बारीक चिरलेला कांदा, मीठ. दीड सेंटिमीटर जाडीच्या टिक्क्या करून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, मग मध्यम आचेवर एका बाजूला चार मिनिटं, हात न लावता. टिक्क्या फुटतात त्याची कारणं तीनच : बटाटा पाणचट, मिश्रण गरम, किंवा खालची बाजू धरायच्या आत उलटलेली. पाणचट वाटलं तर कुस्करलेला बटाटा आधी कोरड्या कढईत दोन-तीन मिनिटं परता. सोबत सूप : लिटरभर पाणी, गाजर, कोबीचा बारीक चिरलेला दांडा आणि बाहेरची जाड पानं, थोडंसं मांस. मीठ अगदी शेवटी. उरलेलं सूपचं पाणी आज फ्रीजरमध्ये टाका. डब्यात वर दोन सेंटिमीटर जागा सोडा, गोठताना ते फुगतं.

सोमवारी रात्री अर्धा किलो छोले भिजत घाला, आठ ते बारा तास. मंगळवारी कुकरमध्ये वीस-पंचवीस मिनिटं, उघड्या पातेल्यात तास-दीड तास. शिजून अकराशे-बाराशे ग्रॅम होतात. टोमॅटो, चिंच, लिंबू असं काहीही आंबट छोले मऊ होईपर्यंत घालू नका, आंबटपणाने साल कडक राहते आणि तासन्‌तास शिजवलं तरी आत कणी लागते. जुने झालेले छोले किंवा जड पाणी असलं तरी तेच होतं, तेव्हा चिमूटभर खाण्याचा सोडा उपयोगी पडतो. चिमूटभरच, जास्त झाला तर साबणासारखी चव येते. पाणी निथळून चारशे ग्रॅमचे तीन वाटे करा : एक आज कांदा-टोमॅटोच्या रश्शात, एक गुरुवारसाठी फ्रीजमध्ये, एक फ्रीजरमध्ये.

त्याच रात्री भात दुप्पट लावा, सहाशे ग्रॅम तांदूळ. चार माणसांना तीनशे पुरतात, उरलेला भात बुधवारचा. भाताच्या बाबतीत मात्र हयगय नको. तांदळात एका जंतूचे बीजाणू असतात, ते उकळूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढून विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणून उद्याचा वाटा जेवायला बसण्याआधीच ताटात पसरायचा, तासाभरात फ्रीजमध्ये, चोवीस तासांत संपवायचा, आणि एकदाच गरम करायचा.

बुधवारी हाच भात परतायचा. आदल्या दिवशीचा थंड भात इथे ताज्यापेक्षा सरस ठरतो, कारण गार झाल्यावर त्यातला पिष्टाचा अंश घट्ट होतो आणि शितं मोकळी राहतात. चार अंडी आधी कढईत फोडून, हलवत शिजवून बाजूला काढा. मग मोठी आच, गाजर-कोबी, उरलेलं मांस, शेवटी हाताने मोकळा केलेला भात. चार माणसांचा भात एकदम कढईत घातला की आच उतरते, वाफ सुटते आणि गिच्च गोळा होतो. दोन वेळा करा. मीठ आणि कुठलाही पातळ सॉस शेवटच्या मिनिटाला. रविवारचं मांस आज तिसऱ्या दिवशी संपलं पाहिजे. शिजलेलं अन्न फ्रीजमध्ये तीन ते चार दिवस चांगलं राहतं, पण बेत चौथ्या दिवसावर ढकलून ठेवू नये. एखाद्या दिवशी बाहेर जेवणं झालं की सगळा क्रम घसरतो. तसं झालं तर मांस त्याच दिवशी फ्रीजरमध्ये टाका.

शाळा-ऑफिसच्या डब्याचं वेगळं बघावं लागतं. आदल्या रात्रीचा भात डब्यात देऊ नका, तो चार-पाच तास बाहेर राहतो. परतलेला भातही त्याच रात्री संपवायचा. डब्यासाठी टिक्क्या, सुके छोले, पाव किंवा पोळी यांत गुंडाळलेली सुकी भाजी बरी. तीही सकाळी वाफ निघेपर्यंत गरम करून, ओली राहणार नाही अशी भरायची.

गुरुवारी छोल्यांचा दुसरा वाटा जाडसर कुस्करून त्यात एक अंडं, साठ ग्रॅम शिळ्या पावाचा चुरा आणि एक लहान कांदा घाला, टिक्क्या सोमवारसारख्याच. अगदी बारीक वाटू नका, लगदा झाला की तेल पितात. सोबत कोबी-गाजराची कच्ची कोशिंबीर, म्हणजे दोन दिवसांपूर्वीचे तेच छोले समोर आले आहेत हे जाणवत नाही. पावाबद्दल : फ्रीजमध्ये पाव बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो. दोन दिवसांत संपणार नसेल तर कापून थेट फ्रीजरमध्ये टाका, लागेल तेवढेच काप काढून भाजा. कडक झालेल्याचा चुरा करा, बुरशी दिसली तर मात्र अख्खा फेका. बुरशीचे धागे दिसतात त्याच्या पलीकडेही पोहोचलेले असतात.

शुक्रवार सफाईचा. आठवडाभरातल्या वाटी-अर्धी वाटी भाज्या, नरम पडलेले टोमॅटो, कोथिंबिरीचे देठ, सगळं काढून ओट्यावर मांडा. नुसतं एकत्र केलं तर गिचका होतो, त्याला सामावून घेणारं काहीतरी लागतं. दोनशे ग्रॅम मसूर डाळ वीस मिनिटांत शिजते आणि वाटेल ती भाजी पोटात घेते. कच्च्या भाज्या डाळीबरोबर, शिजलेल्या शेवटच्या पाच मिनिटांत. वेगवेगळ्या मसाल्यांचे दोन रस्से मात्र एकत्र करू नका, दोन्ही वाया जातात. बाजूला अंडी उकडली की जेवण पुरतं.

शनिवारी फ्रीजरमधले छोले आणि सूपचं पाणी. शुक्रवारी रात्रीच खालच्या फ्रीजमध्ये सुटायला ठेवा, ओट्यावर नाही. टोमॅटो, लसूण, मूठभर पास्ता किंवा तांदूळ घालून दाटसर एका भांड्याचं जेवण.

भाजीची खरेदीही याच क्रमाने. पालेभाजी आणि पिकलेले टोमॅटो पहिल्या दोन दिवसांत, फुलकोबी-फरसबी मधे, कोबी, गाजर, भोपळा शेवटी. पालेभाजी धुऊन ओली ठेवू नका, कोरड्या कापडात गुंडाळा. गाजराचा पाला आल्याबरोबर कापा, तो गाजराचं पाणी ओढतो. बटाटे अंधारात, उजेडात हिरवे पडतात आणि हिरवा भाग खाऊ नये.

पुन्हा गरम करताना लागेल तेवढंच काढा. सगळा डबा रोज तापवून रोज परत ठेवला तर चव जाते आणि धोका वाढतो. रस्से उकळी येईपर्यंत तापवा, मायक्रोवेव्हमध्ये मधे एकदा ढवळा, नाहीतर कडा उकळतात आणि मधला भाग थंड राहतो. ताटात उष्टं राहिलेलं साठवायचं नाही, म्हणून मुलांना आधी कमी वाढा, दुसऱ्यांदा मागू द्या. फ्रीजरमध्ये बटाट्याचे तुकडे रवाळ होतात, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग रबरासारखा आणि दह्याचा रस्सा फाटतो. ते तिथे ठेवूच नका. छोले, डाळ, भात, सूप, मांस उत्तम टिकतात.

शाकाहारी घरासाठी : कोंबडीच्या जागी चारशे ग्रॅम राजमा घ्या, शिजून किलोभर होतो. निम्मा रविवारी, थोडा सोमवारच्या सुपात, उरलेला बुधवारच्या भातात. अंडी खात नसाल तर टिक्क्यांमध्ये अंड्याऐवजी दोन मोठे चमचे पीठ जास्त घाला, आणि भातात राजमा वाढवा. सूपचं पाणी कांद्याची आतली सालं, गाजराची टोकं, कोथिंबिरीचे देठ पाऊण तास उकळून होतं. कोबीचा दांडा त्यात उकळू नका, उग्र वास येतो. राजमा किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, आणि ताज्या पाण्यात दहा मिनिटं खळखळून उकळल्याशिवाय आच मंद करू नका. कच्च्या राजम्यात पोट बिघडवणारं विष असतं. ते पूर्ण उकळीनेच जातं, मंद आचेच्या भांड्यात नुसता कोमट शिजत ठेवला तर उलट वाढू शकतं.